कचऱ्याचीही प्रतवारी : कंपोस्ट यार्डातील वर्गीकरणाचा पट्टा कसा असावा?



गेल्या उन्हाळ्यात नीरा डाव्या कालव्यावरचे एक वयोवृद्ध सभासद आमच्या शेतकी ऑफिसात आले. रामराम झाला, पाणी झाले. मग त्यांनी उपरण्याची गाठ सोडली आणि आमच्या टेबलावर पसाभर कंपोस्ट ओतले. आपल्याच कारखान्याचे. त्यात बोटाएवढे दोन काळ्या नळीचे तुकडे होते, खताच्या पोत्याची दोरी होती आणि एक गंजलेला बोल्ट होता. ते म्हणाले, "साहेब, ही नळी माझ्या रानातली न्हाई. माझ्याकडं पाटपाणी हाय, ठिबक न्हाई. मग दुसऱ्याची नळी माझ्या रानात कशापायी?"

आम्ही दिलगिरी व्यक्त केली, चहा पाजला. पण त्यांच्या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. आज थोडेफार आहे, म्हणून हा लेख.

या तक्रारीनंतर कंपोस्ट यार्डात कचरा निवडणारी स्वयंचलित यंत्रणा बसवावी असा विचार पुढे आला. काही सभासद म्हणतात, "एकदाची मशीन आणा आणि मोकळे व्हा." काही म्हणतात, "कचऱ्यावर कुठं पैसा घालता, उसाला दोन पैसे जास्त द्या." दोन्ही म्हणण्यात तथ्य आहे. सुरुवातीला आम्ही स्वतः पहिल्या बाजूचे होतो, हे कबूल केले पाहिजे. पण अशी यंत्रणा आखायची कशी, ती कुठे चालते आणि कुठे हात टेकते, याचा अभ्यास केल्यावर आमचे मत बरेच बदलले. ते का बदलले हे क्रमाने सांगतो.

कारखाना म्हणजेच वर्गीकरण

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. साखर कारखाना हे मुळातच एक मोठे वर्गीकरणाचे यंत्र आहे. दिवसाला ५,००० टन गाळप करणारा कारखाना धरला, तर गव्हाणीत पडणाऱ्या उसातून साधारण १,४०० ते १,५०० टन बगॅस निघतो, १७५ ते २०० टन प्रेसमड निघतो आणि सुमारे २०० टन मळी निघते. बगॅस बॉयलरला जातो, त्याच्या वाफेवर कारखाना चालतो आणि वीजही होते. मळी डिस्टिलरीला जाते. प्रेसमड कंपोस्ट यार्डात जातो. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा, आपल्या बारामती-इंदापूर तालुक्यांतला कोणताही सहकारी कारखाना घ्या, उसाचा धागान् धागा कुठेतरी कामी यावा हाच सगळ्यांचा हिशेब.

यांतला प्रेसमड आपल्या भागाला फार मोलाचा. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून या जमिनींना मिळते आहे. बागायत आली, त्याबरोबर पाणथळ आणि क्षारपड जमिनीही आल्या. अशा जमिनीला सेंद्रिय खताचा आधार लागतो, हे आपणांस नव्याने सांगायला नको. प्रेसमडमध्ये सेंद्रिय पदार्थ भरपूर, स्फुरद चांगले, चुनाही असतो. उसाने जमिनीतून नेलेले काही अंशी जमिनीला परत करायचे, हा त्यामागचा व्यवहार आहे. अडचण अशी, की परत करताना आपण जे नेलेच नव्हते तेही देऊ लागलो आहोत.

यार्डात प्लास्टिक येते कुठून?

आम्ही यार्डात उभे राहून पाहिले. प्रेसमड फिल्टरवरून निघतो तेव्हा त्यात नळ्या आणि बोल्ट नसतात. उसाबरोबर मिलमध्ये गेलेला प्लास्टिकचा तुकडा फायब्रायझरखाली चिंध्या होऊन बहुतांशी बगॅसमध्ये जातो. यार्डातले मोठे तुकडे वेगळ्या वाटेने येतात. गव्हाणीजवळची आणि गाडीतळाची झाडलोट कंपोस्टच्या ढिगावर टाकली जाते. त्या झाडलोटीत मोळ्यांतून सांडलेले पाचट, वाढे, माती आणि त्यासोबत ठिबकच्या लॅटरलचे तुकडे, मल्चिंग पेपर, पोत्याच्या दोऱ्या, गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या असे सगळे असते. कंपोस्ट भरायला आलेल्या ट्रॉलीत आदल्या दिवशी काय होते, तेही कोणी पाहत नाही.

त्यात भर म्हणजे एरोटिलर. ढीग वरखाली करणारे हे यंत्र कंपोस्टला हवा देते, पण त्याची पाती हातभर नळीचे बोटभर दहा तुकडे करतात. पुढच्या फेरीला त्यांचे आणखी बारीक. म्हणून पहिला नियम आम्ही असा केला : आधी वेचा, मग फिरवा. अखंड नळी दोन बोटांनी उचलता येते. तिचे चाळीस तुकडे झाल्यावर कितीही महागडे यंत्र आणले तरी ते सगळे सापडणार नाहीत.

ओळखीचीच गोष्ट

स्वयंचलित वर्गीकरण म्हटले की काहीतरी परदेशी वाटते. पण खळ्यावर आपल्या आजी-आजोबांनी तेच केले. वावडीवर उभे राहून उपणले की भुसा लांब जातो, दाणा पायाशी पडतो : हे वजनावरचे वर्गीकरण. मग चाळणीने चाळले : हे आकारावरचे. शेवटी सुपात घेऊन खडे वेचले : हे डोळ्यावरचे. आजच्या मळणी यंत्रात पंखा आणि चाळण्या एकाच पेटीत बसवल्या आहेत. ऊसतोडणी यंत्रावरचा मोठा पंखा पाचट बाहेर फेकतो तो याच तत्त्वावर. इंदापूरकडच्या डाळिंबवाल्यांनी वजनावर फळ निवडणारे ग्रेडिंग यंत्र पाहिले असेल. आणि वाण्याकडे 'सॉर्टेक्स' तांदूळ मिळतो, ते मूळचे इंग्लंडमधल्या एका यंत्र कंपनीचे नाव. त्या यंत्रात दाणे घसरणीवरून खाली येतात, कॅमेरा काळा दाणा पाहतो आणि वाऱ्याची बारीक फुंकर तेवढाच दाणा बाजूला उडवते.

कारखान्याच्या कचऱ्याची निवड करणारा पट्टा म्हणजे खळ्यावरच्या याच चार-पाच युक्त्या. यंत्रांच्या नावांपेक्षा त्यांचा क्रम महत्त्वाचा.

पहिली पायरी : कचरा मोजा

जमिनीला खत देण्यापूर्वी आपण माती तपासतो, तसाच कचरा तपासावा लागतो. पद्धतही तीच. यार्डातल्या दहा-बारा ठिकाणांहून घमेल्याने नमुना घ्यायचा, ताडपत्रीवर एकत्र करून त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. असे करीत राहिलेल्या नमुन्यातून हाताने प्लास्टिक, लोखंड, दगड, काच, न कुजलेला बगॅस वेगवेगळे करून तोलायचे. एकदा करून भागत नाही. हंगामाच्या सुरुवातीला, मध्याला आणि शेवटी करावे लागते, कारण आडसालीचा ऊस येतो तेव्हाची झाडलोट आणि खोडव्याच्या वेळची झाडलोट सारखी नसते.

हा ताळेबंद हातात नसताना यंत्र घेणे म्हणजे माती न तपासता पोती ओतणे. आमच्या ताडपत्रीवर काय दिसले ते पुढे सांगतो, कारण त्यानेच आमचे मत बदलले.

दुसरी पायरी : यंत्रांचा क्रम

(१) भरणी. माल पट्ट्यावर एकसारखा पडला पाहिजे. लोडरने एकदम बादली ओतली की ढीग होतो आणि खालचे कोणालाच दिसत नाही. समजा ताशी १० टन कंपोस्ट हाताळायचे आहे आणि त्याचे वजन घनमीटरला अर्धा टन आहे. म्हणजे ताशी २० घनमीटर. पट्टा १ मीटर रुंद आणि सेकंदाला २५ सेंटिमीटर चालणारा असला, तर तासात ९०० मीटर पट्टा पुढे सरकतो. २० ला ९०० ने भागले की थर येतो सुमारे सव्वादोन सेंटिमीटर. एवढ्या पातळ थरातले निवडता येते. भरणी दुप्पट केली की थर साडेचार सेंटिमीटरचा होतो आणि निम्मा कचरा झाकला जातो. आपल्याकडे दुरुस्तीला वेळ गेला की "आता जरा जोरात घ्या" म्हणायची सवय आहे. निवडीच्या पट्ट्याला ती चालत नाही.

(२) फिरती चाळण, म्हणजे ट्रॉमेल. थोडे उतरते ठेवलेले, छिद्रे पाडलेले मोठे पिंप. ते फिरते, बारीक माल खाली गळतो, मोठा माल दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो. फार जोरात फिरवले तर माल भिंतीला चिकटून गोल फिरतो आणि चाळलाच जात नाही. दोन मीटर व्यासाच्या पिंपाला ही मर्यादा मिनिटाला सुमारे ३० फेऱ्यांची येते. म्हणून ते त्याच्या निम्म्याहून कमी वेगाने चालवायचे.

छिद्र केवढे ठेवायचे हा खरा प्रश्न. आपल्याकडची सर्रास वापरातली लॅटरल १६ मिलिमीटरची. छिद्र ४० मिलिमीटरचे ठेवले तर वीतभर नळी उभी होऊन सुखाने खाली जाते. १२ मिलिमीटरचे गोल छिद्र ठेवले तर ती जात नाही. चपटी झाली तरी तिची रुंदी सुमारे २५ मिलिमीटर होते, तेव्हाही अडते. पण छिद्र गोल हवे. लांबट खाच असेल तर चपटी नळी सुरीसारखी निसटते.

खत (नियंत्रण) आदेश, १९८५ मधील सेंद्रिय कंपोस्टच्या निकषानुसार ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली गेला पाहिजे. म्हणून पुढे बारीक चाळण लागतेच. ओले कंपोस्ट चाळणीची छिद्रे बुजवते. तेव्हा कंपोस्ट आधी पुरते सुकू द्यायचे आणि चाळणीला बाहेरून ब्रश बसवायचा.

(३) लोहचुंबक. मिलच्या आधी उसाच्या पट्ट्यावर जसा चुंबक असतो तसाच. हंगाम संपल्यावर त्या चुंबकाने काय काय धरले ते एकदा येऊन पाहा : कोयते, साखळीच्या कड्या, नटबोल्ट, फाळाचे तुकडे. पण चुंबकाची ओढ अंतर वाढले की झपाट्याने कमी होते. जाड थराच्या तळाशी असलेला बोल्ट तो उचलणार नाही. अॅल्युमिनियमला तर तो ओळखतच नाही. त्यासाठी वेगाने फिरणाऱ्या चुंबकांचा वेगळा ड्रम असतो, तो अॅल्युमिनियममध्ये वीजप्रवाह निर्माण करून त्याला पुढे फेकतो. शहराच्या कचऱ्यात डबे फार असतात तिथे तो परवडतो, आपल्या यार्डात नाही.

(४) हवा. चाळणीवर राहिलेल्या मालावर पंख्याचा झोत मारला की मल्चिंग पेपर, पिशव्या, पुड्या उडतात, दगड जागीच पडतात. सुके पाचटही उडते, ते पुन्हा वेचावे लागते. नळीचा तुकडा मात्र ना धड उडतो ना धड राहतो.

(५) हातनिवडीचा पट्टा, शेवटी. आधीच्या यंत्रांनी माल कमी करून दिलेला असतो, म्हणून इथे थोडी माणसे पुरतात.

काळी नळी आणि डोळस यंत्र

आता मुख्य गोष्ट. शहरांतल्या मोठ्या प्रकल्पांत पट्ट्यावर अवरक्त किरण टाकतात. प्रत्येक प्लास्टिक ते किरण वेगळ्या तऱ्हेने परतवते, त्यावरून ही बाटली अमुक जातीची, ही पिशवी तमुक जातीची हे यंत्र क्षणात ओळखते. पट्टा सेकंदाला तीन मीटर पळत असतो. फुंकर मारायला सेकंदाच्या शंभराव्या भागाचा उशीर झाला तरी माल तीन सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. इतके ते काटेकोर. हे वाचून आम्हीही हरखलो होतो. हेच आणू म्हणालो.

मग आम्ही ताडपत्रीवरचा ढीग पुन्हा पाहिला. त्यात प्लास्टिक म्हणून जे काही होते, त्यात सगळ्यात जास्त काळी लॅटरल होती. उन्हाने नळी खराब होऊ नये म्हणून तिच्यात काजळी घातलेली असते, ती काळी दिसते त्याचे कारण हेच. आणि काजळी हे किरण गिळून टाकते. यंत्राकडे काहीच परत येत नाही. यंत्राच्या लेखी तिथे नळी नाहीच! साधा रंग पाहणारा कॅमेरा लावावा म्हटले, तर नळी काळी आणि कंपोस्टही काळेच. काळे प्लास्टिक ओळखणारी वेगळ्या किरणांची यंत्रे आहेत, पण ती आणखी खर्चाची आणि त्यांना स्वच्छ, सुटा माल लागतो. चिखल लागलेल्या नळीपुढे तीही फसतात.

पाण्यात टाकून तरंगवावे, असे आमच्या एका सहकाऱ्याने सुचवले. लॅटरल पाण्याहून हलकी असल्याने ती तरंगते, दगड बुडतो, हे खरे. पण न भिजलेला बगॅसही तरंगतो आणि मागे उरते घाण पाणी. कारखान्याबाहेर सांडपाण्याचा थेंब जाऊ नये म्हणून आपण झटतो, तिथे हे नवे सांडपाणी कुठे ठेवायचे?

थोडक्यात, बाजारातले सर्वांत नावाजलेले यंत्र आपल्या सर्वांत मोठ्या शत्रूला पाहूच शकत नाही. कचरा न मोजता मागणी नोंदवली असती, तर हा पैसा यार्डात उभा राहून गंजला असता. म्हणून ज्यांनी "आधी तपासा" असा आग्रह धरला त्या सभासदांचे आम्ही आभार मानतो.

दोन आकडे : उतारा आणि शुद्धता

यंत्र विकणारा सांगतो, "नव्वद टक्के काम होईल." त्याला विचारायचे, कशाचे नव्वद टक्के? समजा चाळणीवरच्या १०० किलो मालात १० किलो प्लास्टिक आहे. एका यंत्राने १२ किलो माल बाजूला काढला, त्यात ९ किलो प्लास्टिक निघाले. म्हणजे उतारा ९० टक्के, पण काढलेल्या मालाची शुद्धता ७५ टक्के. दुसऱ्याने ५ किलोच काढले, पण सगळे प्लास्टिक. त्याची शुद्धता १०० टक्के आणि उतारा ५०. भंगारवाल्याला दुसरे यंत्र आवडेल, शेतकऱ्याला पहिले. आपल्याला जमिनीची काळजी आहे, तेव्हा आपण उताऱ्याच्या बाजूने उभे राहायचे. त्यासोबत थोडे कंपोस्ट वाया गेले तरी चालेल.

आणखी एक हिशेब. यंत्रे एकामागून एक जोडली की एक बंद पडल्यावर सगळा पट्टा थांबतो. प्रत्येक यंत्र १०० पैकी ९५ तास चालते असे धरले आणि अशी पाच जोडली, तर सगळा पट्टा १०० पैकी जेमतेम ७७ तास चालतो. म्हणून यंत्रे जास्त म्हणजे काम चांगले, असे समजू नये.

तिसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या चुकीची. चाळणीवर राहिलेला मोठा माल न कुजलेला असतो, म्हणून आपण तो पुन्हा नव्या ढिगात मिसळतो. बगॅस कुजतो, प्लास्टिक कुजत नाही. ते प्रत्येक फेरीत परत येते, त्यात नवे मिसळते आणि एरोटिलर त्याचे तुकडे बारीक करीत राहतो. शेवटी ते चाळणीतून खाली जाण्याइतके लहान होते आणि आपल्या रानात पोहोचते. ही वाट आम्ही कित्येक वर्षे पाहिली नव्हती. परत जाणाऱ्या मालावरच हातनिवडीचा पट्टा बसवला पाहिजे, हे आमच्या अभ्यासातले सर्वांत उपयोगी अनुमान आहे.

माणसांचे काय?

आज यार्डात ज्या महिला हाताने कचरा वेचतात, त्यांनी आम्हाला सरळ विचारले, "मशीन आलं की आमचं काम जाणार का?" प्रश्न रास्त आहे. आम्ही पाहिलेला आराखडा असा आहे, की उन्हात ढिगावर वाकून वेचण्याऐवजी सावलीत, कमरेच्या उंचीच्या पट्ट्याजवळ उभे राहून निवडायचे. हातमोजे, मास्क, पट्टा तात्काळ थांबवणारी दोरी, तासाला विश्रांती. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांनी १९९३ साली आपली संघटना उभी केली आणि त्यातून पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली. २००८ पासून ती महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते. वर्गीकरणाचे ज्ञान यंत्राआधी त्या हातांत होते, हे आपण सहकारवाल्यांनी विसरू नये. आमच्या यार्डातही कुठली नळी कुठल्या ढिगात सापडते, हे आम्हाला आधी त्या महिलांनीच दाखवले.

इंदूर शहराचे उदाहरण नेहमी देतात. तिथे यंत्रांनी सुका कचरा निवडला जातो आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प सुरू झाला. पण तिथले यंत्र चालते ते उंबऱ्यावर ओला आणि सुका वेगळा दिला जातो म्हणून. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तसेच, दारात मिसळले ते कारखान्यात कसे सुटणार?

आता प्रेसमडलाही नवे गिऱ्हाईक आले आहे. केंद्र सरकारची 'सतत' योजना २०१८ साली आली, तेव्हापासून प्रेसमडपासून गॅस करण्याकडे कारखान्यांचे लक्ष गेले. तिथेही माती, दोऱ्या आणि प्लास्टिक टाकीच्या तळाशी आणि पंपात अडकतात. म्हणजे स्वच्छ माल ही पुढेही गरजच राहणार.

आमची शिफारस

आम्ही संचालक मंडळापुढे साधा पट्टा सुचवला आहे : एकसारखी भरणी करणारा हॉपर, १२ मिलिमीटर गोल छिद्रांची आणि तिच्यापुढे ४ मिलिमीटरची फिरती चाळण, एक चुंबक, एक पंखा आणि परत जाणाऱ्या मालावर चार जणींचा हातनिवडीचा पट्टा. त्याआधी गाडीतळाची झाडलोट स्वतंत्र ओट्यावर, निवडल्याशिवाय ती ढिगावर जाणार नाही. डोळस यंत्रासाठी पुढेमागे जागा राहील अशी मांडणी ठेवली आहे, पण आज ते घेऊ नये. कारखान्यातले वापरलेले तेल, ग्रीसच्या चिंध्या, जुन्या बॅटऱ्या या पट्ट्यावर कधीही येणार नाहीत, त्यांची कायद्याने ठरलेली वाट वेगळी आहे. निघालेले प्लास्टिक बॉयलरमध्येही टाकायचे नाही. त्यात पीव्हीसी असले की आम्लाचा धूर होतो, नळ्या खातो आणि आसपासच्या वस्तीला त्रास देतो. अंतिम निर्णय अर्थातच मंडळाचा आणि आपणा सर्वांचा.

सभासदांनी काय करावे?

१. तोड येण्याआधी लॅटरल गुंडाळून बांधावर घ्यावी. टोळी फडात शिरली की कोयता नळी आणि ऊस यांत फरक करीत नाही.

२. जमिनीखालचे ठिबक असेल तर खोडवा मोडताना, नांगरटीनंतर वर आलेले तुकडे वेचून घ्यावेत. अखंड जुनी नळी भंगारवाला किलोवर घेतो, चिखलातले तुकडे कोणी घेत नाही.

३. मोळी बांधायला वाढ्याचाच बंध वापरण्यास मुकादमास सांगावे, प्लास्टिकची दोरी नको.

४. तोडणी मजुरांच्या खोपीजवळ कचऱ्यासाठी एक पोते अडकवावे. ती माणसे चार-पाच महिने आपल्या रानात राहतात. त्यांना जागा दिली तर ती वापरतात, हा आमचा अनुभव आहे.

५. कंपोस्ट न्यायला येताना ट्रॉली झाडून आणावी. पुढील हंगामापासून न झाडलेल्या ट्रॉलीत माल भरू नये, अशी सूचना आम्ही यार्डास देणार आहोत.

६. मिळालेल्या कंपोस्टात प्लास्टिक, लोखंड दिसल्यास मुठीत घेऊन गट ऑफिसला दाखवावे. कोणत्या दिवशीची ट्रॉली ते सांगितले तर ढीग शोधता येतो.

उपरण्यातून कंपोस्ट घेऊन आलेल्या त्या सभासदांकडे आम्ही गेल्या महिन्यात मुद्दाम गेलो. बांधावर बसून हा सगळा पट्टा त्यांना कागदावर काढून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "हे सगळं झाल्यावर माझ्या रानात पडल्यालं प्लास्टिक कोण काढणार?" याचे उत्तर कोणत्याच यंत्रात नाही. पडलेले तुकडे हातानेच वेचावे लागतील. येत्या नांगरटीच्या वेळी आमच्या गटाचे कर्मचारी त्यांच्या रानात एक दिवस वेचणीला जाणार आहेत, तसे आम्ही त्यांना सांगून आलो आहोत. ज्या सभासदांच्या रानात असेच तुकडे पडले असतील, त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव नोंदवावे, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी